जाते म्हणू नये

मृणालिनीताई सबनीसांच्या घरातून ‘जातो’ असं म्हणून आजवर कोणी बाहेर पडलेलं नाही. चुकून कोणी म्हटलंच, तर ताई त्याला दारातच अडवत. “जातो काय? येतो म्हणा!” मग तो बिचारा पायात चपला, हातात पिशवी अशा अवस्थेत उभा राहून ‘येतो’ म्हणे आणि सुटे. दुबईतल्या देऱ्यात नाइफ रोडच्या मागच्या गल्लीत, चौथ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटला उंबरा नव्हता. दारापासून लिफ्टपर्यंत सरळ फरशी. पण उंबरा नाही म्हणून उंबऱ्यावरच्या रीती सोडायच्या, असं थोडंच आहे? गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा पठाण युसुफसुद्धा परत निघताना “येतो, भाभी” असं चक्क मराठीत म्हणायचा. त्याला अर्थ ठाऊक होता की नाही, देव जाणे.

ताई मूळच्या कराडच्या. तिथे मुलींच्या शाळेत त्या इंग्रजी शिकवत. मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवायचं म्हणजे तासभर मराठीत बोलायचं आणि शेवटी फळ्यावर एक वाक्य इंग्रजीत लिहायचं. हे काम ताई इतकं मन लावून करत की त्यांच्या मुलींचं व्याकरण सहसा चुकत नसे. काळ म्हणा, प्रयोग म्हणा, सगळं तोंडपाठ. प्रत्यक्ष बोलायची वेळ मात्र कराडात कोणावर आली नाही, ना मुलींवर, ना ताईंवर. ती आली दुबईत. नवऱ्याला, म्हणजे चारुदत्तांना, देऱ्यातल्या एका बंदरावरचा माल सोडवणाऱ्या क्लिअरिंगच्या ऑफिसात नोकरी लागली आणि १९९४ साली ताई लेकीला घेऊन इकडे आल्या. आल्या आल्या मोठ्या उमेदीने दोन-तीन शाळांत मुलाखती दिल्या. पण समोरचं माणूस फाडफाड इंग्रजी बोलू लागलं की ताईंची जीभ टाळ्याला चिकटायची. एका शाळेतल्या बाई गोड हसून म्हणाल्या, “वुई विल कॉल यू.” ताईंनी त्यावर पुढे कितीतरी दिवस फोन वाजला की पदराला हात पुसत धाव घेतली. शेवटी त्यांना त्या वाक्याचा खरा अर्थ कळला. व्याकरणाच्या पुस्तकात तो दिलेला नसतो.

मग त्यांनी घरीच शिकवण्या धरल्या. आसपासच्या मराठी घरांतली मुलं यायची. मुलगी इरा मात्र आईकडे इंग्रजीचा धडा चुकूनही आणायची नाही. तेरा वर्षांची इरा मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. शाळेत पालकसभा असली की आदल्या दिवशीपासून सुरू, “आई, प्लीज! लेट बाबा टॉक टु माय टीचर.” ताई हसण्यावारी न्यायच्या. पण टोचायचं, यात शंका नाही. सकाळी शाळेला निघताना इरा “बाय!” म्हणून सुटायची आणि ताई मागून ओरडायच्या, “येते म्हण!” त्याला उत्तर म्हणून लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज यायचा.

तर अशा घरात १९९९च्या नोव्हेंबरमध्ये लीहुआ आली.

आणलं चारुदत्तांनी. त्यांच्या ऑफिसकडे एका चिनी व्यापाऱ्याचे सुटकेसचे कंटेनर यायचे. नाइफच्या बाजारात त्याचं दुकान होतं. त्याची भाची त्याच्याकडे येऊन राहिली होती आणि तिला इंग्रजीची शिकवणी हवी होती.

“अगं, एक चिनी विद्यार्थिनी आहे. शिकवशील?”

“चिनी? अहो, मला चिनी कुठे येतं?”

“तिला तरी मराठी कुठे येतं? फिट्टंफाट!”

पहिल्या दिवशी मामा स्वतः तिला घेऊन आला. धंद्यापुरतं इंग्रजी आणि धंद्यापुरतं हिंदी यांची त्याने भेळ केली होती. “मॅडम, गर्ल अच्छा. हार्ड वर्क. वन टाइम एक्झाम. पास, तो दुबई. नो पास, खलास, हार्बिन.” हार्बिन म्हणजे चीनच्या अगदी वरच्या टोकाचं गाव, हिवाळ्यात जिथे नदी गोठते. तिथे लीहुआच्या आईची गिरणी बंद पडली होती आणि घरी बसलेल्या आईला आता लेकीने येऊन एखाद्या खानावळीत भांडी घासण्यापलीकडे काही सुचत नव्हतं. मामा दुष्ट नव्हता. पण दुकानात त्याची स्वतःची दोन मुलं हाताखाली यायला लागली होती, भाचीला नुसतं बसवून ठेवणं त्याला परवडणारं नव्हतं. शारजातल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये हॉटेलच्या कामाचा दोन वर्षांचा कोर्स होता. मे महिन्यात त्याची प्रवेश परीक्षा. व्याकरणाचा पेपर, उताऱ्यावरच्या प्रश्नांचा पेपर आणि तोंडी. त्यात पास झाली तर विद्यार्थ्याचा व्हिसा आणि राहायला होस्टेल, नाहीतर परतीचं तिकीट. इतका सरळ हिशेब.

लीहुआ एकोणीस वर्षांची, उंच, गालांवर कायमची लाली. मामाचं बोलणं संपल्यावर तिने हळूच आपल्या छातीवर बोट ठेवून सांगितलं, “होटेल गर्ल. हिअर, फ्लॅग.” ताईंना काही उमजेना. मग तिने चित्र काढलं. मामाबरोबर एकदा ती एका मोठ्या हॉटेलात गेली होती. तिथे काउंटरमागे उभ्या असलेल्या मुलीच्या कोटावर छोट्या छोट्या झेंड्यांच्या पिना होत्या. जितक्या भाषा येतात, तितके झेंडे. लीहुआला तसे झेंडे हवे होते. ताईंना ही मुलगी तिथल्या तिथे आवडली.

आवडणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. आजवर ताईंनी इंग्रजीतली प्रत्येक अडचण मराठीच्या आधाराने सोडवली होती. आता तो आधार गेला. पहिला आठवडा हातवाऱ्यांत आणि घाम पुसण्यात संपला. लीहुआ ‘ही’ आणि ‘शी’मध्ये फरकच करायची नाही. चिनी बोलण्यात म्हणे ‘तो’ आणि ‘ती’ दोन्हीला उच्चार एकच. चारुदत्त ऑफिसातून आले की ती आदराने उठून सांगायची, “मॅडम, युअर हजबंड, शी इज हंग्री.” चारुदत्त म्हणायचे, “अगं, वाढ तिला. भूक तर खरी आहे.”

‘अ’ आणि ‘द’ ही ताईंची स्वतःची जुनी डोकेदुखी. मराठीत ती भानगड नाही, आणि बघतात तर काय, चिनीतही नाही! दोघी एकाच बोटीतल्या निघाल्यावर ताईंना मोठा धीर आला. त्याच वेळी बेल वाजली. सिलिंडर घेऊन युसुफ उभा. ताईंनी त्याला दारातच हात करून थांबवलं आणि लीहुआला म्हणाल्या, “अ मॅन इज ॲट द डोअर.” मग त्याला आत घेतलं, स्टुलावर बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, “नाऊ, द मॅन इज ड्रिंकिंग टी.” पहिल्यांदा आला तो ‘अ’, ओळख झाली की तो ‘द’. युसुफ चहाच्या आशेने पुढे आठवडाभर हजेरी लावत राहिला आणि लीहुआचं ते प्रकरण कायमचं पक्कं झालं.

काळ शिकवताना मात्र पंचाईत आली. चिनीत क्रियापद बदलत नाही. काल असो की उद्या, ते आपलं जागच्या जागी ठाम. ताई हा पाठ कराडात नेहमी ‘टू गो’ घेऊन शिकवत, कारण त्याचं रूप पार बदलतं. पण तो शाळेचा फळा होता. घरात, तिन्हीसांजेला, देवासमोर दिवा लावलेला असताना ‘आय गो, आय वेंट, आय हॅव गॉन’ असा घोष करायचा? छे! ताईंनी गुपचूप ‘टू ईट’ घेतलं. दोन आठवडे त्या घरात खाल्लं, खात होते, खाणार आहे असं चाललं होतं. इरा म्हणाली, “मॉम, यू आर मेकिंग मी हंग्री.”

उताऱ्यांची गंमत वेगळीच. लीहुआ उतारा हातात आला की पहिल्या शब्दापासून शब्दकोशात शोधायला लागायची. सगळे शब्द कळले तरी गोष्ट काय झाली ते विचारलं की गप्प. ताईंनी शब्दकोश काढून घेऊन फडताळावर ठेवला. “आधी प्रश्न वाच, मग उतारा. बाजारात काय आणायचं ते ठरवून जातो ना, तसं.” हे सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत. एकदा असा उतारा आला, की एक वाटसरू तहानेने व्याकूळ होऊन एका गावात येतो आणि गावकरी त्याला सांगतात, ‘वुई हॅव नो वेल’, म्हणजे विहीरच नाही. प्रश्न होता, इथे ‘वुई’ म्हणजे कोण? लीहुआ अडली. तिने कागदावर एक वर्तुळ काढलं, त्यात टिंबं दिली आणि वर्तुळाबाहेर एक टिंब ठेवलं. मग दुसरं वर्तुळ काढून ते बाहेरचं टिंब आत घेतलं. “मॅडम, विच वुई? लिसनिंग मॅन आउटसाइड, चायनीज से वोमन. लिसनिंग मॅन इनसाइड, चायनीज से झानमन. इंग्लिश, विच?”

ताई क्षणभर त्या दोन वर्तुळांकडे बघत राहिल्या आणि एकदम ओरडल्या, “अगं बाई! आम्ही आणि आपण!”

ऐकणारा बाहेर राहिला तर आम्ही, आत आला तर आपण. कराडात इतकी वर्षं शिकवून हा फरक इंग्रजीत नाही हे ताईंच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं, आणि तो चिनीत असेल हे तर स्वप्नातही नव्हतं. इंग्रजी एवढी मोठी साहेबाची भाषा, आणि तिला साधं आम्ही-आपण येत नाही! ताईंना इतका आनंद झाला की त्यांनी उठून शिरा केला. त्या दिवसापासून उताऱ्यात ‘वुई’ दिसला की लीहुआ वर्तुळ काढायची, ऐकणारा आत की बाहेर ते ठरवायची, आणि ताई मान डोलवायच्या.

मंगळवारी शिकवणी दुकानात व्हायची. मामाचा माल यायचा, लीहुआला गल्ला सोडता यायचा नाही, म्हणून ताईच जायच्या. सुटकेसच्या उतरंडीमध्ये दोन स्टुलं टाकून दोघी व्याकरण घोकायच्या. तास झाला की ताई पर्स उचलून म्हणायच्या, “ओके, लीहुआ, आय कम.” लीहुआ मान लववून निरोप द्यायची. ती शहाणी मुलगी. बाईंनी जे केलं ते करायचं, बोलल्या ते बोलायचं. हळूहळू घरून निघताना तीही म्हणू लागली, “ओके, मॅडम, आय कम.” ताईंच्या कानाला ते मुळीच खटकलं नाही. वाक्य इंग्रजीत होतं, पण ताईंना ऐकू येत होतं ‘येते’. उलट पोरीवर चांगलं वळण पडतंय म्हणून त्या सुखावल्या.

मे उजाडला. दोन्ही लेखी पेपर झकास गेले. तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी ताईंनी लीहुआच्या हातावर दही-साखर ठेवली. तिला दह्याची चव मुळीच आवडत नसे, पण तिने डोळे मिटून गिळलं. मामा व्हॅनमधून घेऊन गेला. दुपारी लीहुआचा फोन आला. सर फार चांगले होते, हॉटेलबद्दल, हार्बिनबद्दल विचारलं, तिने सगळं नीट सांगितलं. ताईंनी देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लीहुआ दारात उभी राहिली ती रडतच. गालांची लाली नाकावर उतरली होती. इन्स्टिट्यूटमधून मामाला फोन आला होता. तोंडी परीक्षेचे दोन भाग होते, आधी गप्पा आणि मग समोर बसून एक उतारा वाचून उत्तरं द्यायची. दुसऱ्या भागाला ही मुलगी गैरहजर. तोंडी अपूर्ण म्हणजे निकाल अपूर्ण, आणि यादी उद्या दुपारी बंद होणार. मामाने तिकिटाच्या एजंटकडे चौकशीही करून ठेवली होती.

“गैरहजर? अगं, तू तर तिथेच होतीस!”

लीहुआने हुंदके देत झालं ते सांगितलं. गप्पा झाल्यावर सर म्हणाले, ‘व्हेरी गुड, थँक यू’ आणि कपाटातून कागद काढायला उठले. तिला वाटलं, झालं. तीही उठली.

“सर काही बोलले नाहीत? कुठे चाललीस म्हणाले नाहीत?”

“नो, मॅडम. सर स्माइल. सर से, टेक युअर टाइम. आय थिंक, सर गिव्ह मी गुड विश.”

“असं कसं? तू निघताना काय म्हणालीस?”

“लाइक मॅडम टीच,” लीहुआ म्हणाली. “ओके, सर, आय कम.”

कोपऱ्यात अभ्यास करत बसलेल्या इराच्या हातातलं पेन पडलं. “ओ माय गॉड, आई! ही थॉट शी वॉज कमिंग बॅक! ही थॉट शी वेंट टु द बाथरूम!”

ताईंना खाली बसावंच लागलं. डोळ्यांसमोर सगळं लख्ख उभं राहिलं. ही पोरगी वाकून ‘आय कम’ म्हणते आहे. तो भला माणूस ‘सावकाश ये’ म्हणतो आहे. आणि मग उतारा समोर ठेवून दाराकडे बघत बसला आहे. ‘आय ॲम गोइंग’ म्हणाली असती तर त्यांनी तिथल्या तिथे थांबवलं नसतं का? पोरीने एकही चूक केली नव्हती. चूक शिकवली होती. ज्या बाईला व्याकरणाचा इतका अभिमान, तिनेच मराठीतलं ‘येते’ इंग्रजीचं झबलं घालून पोरीच्या हाती दिलं होतं. ताईंना शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चारुदत्त म्हणाले, “मी उद्या ऑफिसातून फोन करतो. इंग्रजीत नीट समजावून सांगतो.”

“नको,” ताई म्हणाल्या. “माझी चूक आहे. मीच सांगणार.”

इरा काहीतरी बोलणार होती. पण आईच्या तोंडाकडे बघून तिने पडलेलं पेन उचललं.

सकाळी ताई लीहुआला घेऊन टॅक्सीने शारजाला निघाल्या. एरवी टॅक्सीत बसण्याआधी त्या वीस दिरहम म्हणजे दोनशे चाळीस रुपये, असा मोठ्याने हिशेब करत आणि बस धरत. त्या दिवशी तो हिशेब तोंडात आलाच नाही. तोंडात नुसती वाक्यं जुळवणं चाललं होतं. आत शिरताना त्यांना ती गोड हसणारी बाई आठवली आणि त्या दारातच थबकल्या. पण मागे लीहुआ होती. तिच्यासमोर मागे कसं फिरणार?

परीक्षक इद्रीस सर म्हणजे सुदानचे एक उंच, सावळे, पांढऱ्या केसांचे गृहस्थ. त्यांनी चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं आणि बसायला सांगितलं. ताई बसल्या नाहीत. बसलं तर धीर सुटेल असं त्यांना वाटत होतं. टॅक्सीत जुळवलेली वाक्यं तर केव्हाच उडून गेली होती.

“सर,” ताई म्हणाल्या, “माय स्टुडंट इज नॉट राँग. आय ॲम राँग.”

सरांना काही कळेना.

“सर, शी सेड, आय कम. बट शी वॉज गोइंग.” इथे ताईंना घाम फुटला. तरी त्या बोलत राहिल्या. “सर, इन अवर लँग्वेज, वुई नेव्हर से आय गो. इट इज बॅड. इफ यू गो, यू से, आय कम. मीन्स, आय विल कम अगेन. आय टॉट हर धिस. इन माय हाउस, सर, नोबडी गोज. एव्हरीबडी कम्स.”

इद्रीस सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांचे खांदे हलू लागले आणि ते असे मनापासून हसले की बाहेरचा कारकून दारात डोकावून गेला. “नोबडी गोज,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, “एव्हरीबडी कम्स!” हसू आवरल्यावर त्यांनी सांगितलं की परवा ते या मुलीसाठी तासभर खोळंबले होते, जेवायलासुद्धा गेले नाहीत, कारण येते म्हणून गेलेली मुलगी परत आली आणि आपण नसलो तर काय वाटेल तिला? त्यांची आई त्यांना ‘उद्या येतो’ इतकंसुद्धा इन्शाल्ला जोडल्याशिवाय बोलू देत नसे. आयांना कळतं म्हणाले, जाणं-येणं आपल्या हातात किती असतं ते.

मग ते गंभीर झाले. “बट, मॅडम, द सेकंड पार्ट शी मस्ट डू.”

“यस, सर! नाऊ, सर!” ताई घाईघाईने म्हणाल्या.

त्यांना बाहेर बसायला सांगितलं. दार उघडंच ठेवलं होतं. ताईंना लीहुआची पाठ दिसत होती आणि टेबलावरचा हात. उतारा एका होडीवाल्याचा होता. भर खाडीत होडीत पाणी शिरू लागतं आणि होडीवाला उतारूंना ओरडून सांगतो, पाणी उपसलं नाही तर ‘वुई शॅल सिंक’. लीहुआने एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. आवाज आधी कापत होता, मग सावरला. शेवटी सरांनी विचारलं, “इन द लास्ट लाइन, हू इज ‘वुई’?”

लीहुआ थांबली. ताई खुर्चीतून पुढे वाकल्या. आणि मग त्यांना दिसलं, लीहुआचं बोट टेबलावर हळूहळू फिरत होतं. एक वर्तुळ. वर्तुळ पूर्ण झाल्यावर तिने बोट उचलून त्याच्या आत टेकवलं.

“द बोटमन अँड द पॅसेंजर्स, सर,” ती म्हणाली. “लिसनर इज इनसाइड.”

आपण! ताई बाहेरच्या खुर्चीत बसल्या बसल्या पुटपुटल्या आणि डोळे पुसले. ‘द बोटमन’ म्हणाली होती, ‘अ’ नाही. होडीवाल्याची ओळख आधीच झालेली होती ना!

सर दारापर्यंत आले. कागदावर काहीतरी लिहीत म्हणाले, “हर आर्टिकल्स आर परफेक्ट. हू टॉट हर?”

“आय टॉट, सर,” ताई म्हणाल्या. इतकी वर्षं टाळ्याला चिकटणारी जीभ तेव्हा सुटी होती.

यादीत लीहुआचं नाव लागलं. मामा पेढ्यांऐवजी दुकानातली लाल सुटकेस घेऊन आला, सर्वांत महागाची. चारुदत्त म्हणाले, “ज्या घरातून कोणी जात नाही, त्या घराला सुटकेस! वा!” ताईंनी तिच्यात गोधड्या भरून ठेवल्या. पण त्या प्रसंगाचा धसका त्यांनी घेतलाच. होस्टेलला जाईपर्यंत रोज त्या लीहुआकडून घोकून घेत होत्या, ‘आय ॲम गोइंग, आय ॲम लीव्हिंग नाऊ, मे आय गो, सर?’ भर घरात, दिव्यासमोर. देवाला त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं की हे शिक्षणासाठी आहे, मनावर घेऊ नकोस.

होस्टेलला जायच्या दिवशी लीहुआ दोन पिशव्या घेऊन निरोप घ्यायला आली. ताईंना वाकून नमस्कार केला, तो तिने कुठे पाहिला होता कोण जाणे. लाडू दिले, लोणच्याची बाटली दिली, उन्हाची काळजी घे, दूध पीत जा, सगळं सांगून झालं. खाली मामाच्या व्हॅनचा हॉर्न वाजला. लीहुआ दारात उभी राहिली आणि स्वच्छ, एकही चूक नसलेल्या इंग्रजीत म्हणाली,

“मॅडम, आय ॲम गोइंग.”

ताईंच्या काळजात चर्र झालं. व्याकरणात बोट ठेवायला जागा नव्हती. आपणच शिकवलं होतं, आणि पोरगी नेमकं तेच बोलली होती. त्यांनी नुसती मान हलवली.

लीहुआ हलली नाही. ती ताईंच्या तोंडाकडे बघत होती. मग तिने जोरात मान हलवली.

“नो, मॅडम. दॅट इज फॉर एक्झाम.” पिशव्या खाली ठेवून तिने दोन्ही हात मोकळे केले, जणू जड काही उचलायचं होतं. “येते,” ती म्हणाली.

तेवढ्यात इरा चपला सरकवत पुढे झाली. तिने लीहुआची एक पिशवी उचलली. तिला खालपर्यंत सोडून यायचं होतं. लिफ्टचं दार उघडलं, दोघी आत गेल्या, आणि दार बंद होता होता इरा मान बाहेर काढून ओरडली,

“आई, येते गं!”

“या,” ताई म्हणाल्या. दोघींना मिळून.